मागे कोण बसतं?

शिंपी माझ्या कमरेला टेप लावून उभे होते. "बत्तीस," ते म्हणाले. टेबलाशी बसलेल्या बाईंनी लांबोडक्या वहीत बत्तीस लिहिलं, दाराबाहेर लावलेल्या माझ्या मोटारसायकलकडे पाहिलं आणि विचारलं, "मागे कोण बसतं?"

मी वळून मागे पाहिलं. मागे कापडाचे तागे होते.

"इथं नाही रे मगा. गाडीवर."

म्हैसूरला शिवरामपेठेतल्या त्या शिंप्याच्या दुकानात कमलक्का मला अशा भेटल्या. आमच्याकडे मोठी माणसं कुठल्याही पोराला 'मगा' म्हणतात, त्यामुळे त्यात विशेष काही नव्हतं. विशेष हे होतं की त्या दुकानात शिवणकाम त्यांचे यजमान करत आणि कमलक्का मोटारसायकलींचा विमा उतरवत. एकाच टेबलाच्या एका टोकाला खडू, कात्री, बटणांचा डबा. दुसऱ्या टोकाला विमा कंपनीची कव्हर नोटांची, म्हणजे विमा उतरवल्याच्या तात्पुरत्या कागदांची पुस्तकं, कार्बन आणि एक टेबलावरचं घड्याळ. मापांची वही मात्र दोघांत एक. पुढून उघडली तर छाती, कंबर, बाही. उलटी करून मागून उघडली तर कमलक्कांची मापं: गाडी रात्री कुठे ठेवतो, रोज किती लांब जातो, गाडी उसनी मागणारे मित्र किती, लायसन पक्कं की शिकाऊ, आणि सगळ्यात वर, मागे कोण बसतं.

त्या मूळच्या शिंप्यांच्याच घरातल्या. विम्याची परीक्षा त्यांनी लग्नानंतर दिली. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. विम्यालाही त्यांनी तोच नियम लावला. बाकीचे एजंट गाडीचा नंबर विचारत. कमलक्का माणूस विचारत.

मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. आमचं घर कृष्णराजनगरचं. वडील भाताच्या गिरणीत वजनकाट्यावर उभे असत. घरात मराठी, शाळेत कन्नड, आणि कॉलेजची पायरी चढलेला घरातला मी पहिलाच. बी.एस्सी. झालो आणि एका बियाणांच्या कंपनीत फिरतीची नोकरी मिळाली. पिरियापट्टण, बन्नूर, कृष्णराजनगर असा भाग. अट एकच होती: स्वतःची मोटारसायकल हवी आणि सोमवारी सकाळी तिचे सगळे कागद साहेबांना दाखवायला हवेत. कागद नाहीत तर यादीतला पुढचा माणूस तयार होता.

वडिलांनी आणि मामांनी मिळून एक जुनी शंभर सीसीची गाडी घेऊन दिली. विमा मी स्वतःच्या अकलेने काढला होता. परिवहन कार्यालयाबाहेर झाडाखाली एक माणूस टाइपरायटर घेऊन बसे. तो म्हणाला, "कोवळ्या पोरांना कंपनी डबल दर लावते. मी अर्ध्यात करून देतो." दहा मिनिटांत त्याने कागद हातात दिला. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटत होतं. नोकरीसाठी नवी पँट शिवायला मी त्या दुकानात गेलो होतो, इतकंच.

"मागे कोणी बसत नाही," मी म्हणालो. "आणि विमा झालाय माझा."

"दाखव."

मी दाखवला. कमलक्कांनी तो खिडकीच्या उजेडात धरला नाही, शिक्का तपासला नाही. एकदा वरून खाली वाचला आणि विचारलं, "वेळ कुठे आहे?"

"कसली वेळ?"

"कितीला सुरू झाला हा विमा? तारीख आहे, वेळ नाही. कव्हर नोटेवर वेळ लिहावी लागते. तुला धडक बसायला पूर्ण दिवस लागत नाही, एक मिनिट लागतं. त्या मिनिटाच्या आधी लिहिला की नंतर, हे कसं कळणार?" मग त्या यजमानांकडे वळून म्हणाल्या, "झाडाखालचाच आहे. ह्या महिन्यातला चौथा."

यजमान तोंडात टाचण्या धरून होते. त्यांनी नुसती मान हलवली.

तो शुक्रवार होता. जवळ जे होतं ते झाडाखाली गेलं होतं, आणि त्या माणसाकडे परत जाऊन भांडायची छाती मला नव्हती. मी अडखळत सगळं सांगितलं. मी थांबल्यावर कमलक्का म्हणाल्या, "आता ऐक. दर सरकारने ठरवलेला आहे, सगळ्या कंपन्यांना एकच. त्यात तुझं वय कोणी विचारत नाही, गाडीचं वय विचारतात. जो म्हणतो मी स्वस्तात देतो, तो एक तर खोटं देतो, नाही तर आतलं काहीतरी काढून घेतो. स्वस्त करायचं असेल तर काय काढायचं ते आपण ठरवायचं. समजलं?"

"हो."

"तुझी गाडी जुनी. ती मोडली तर काय करशील?"

"दुरुस्त करीन."

"नाही जमलं तर?"

"बसने जाईन."

"मग गाडीचा विमा काढायचा नाही. तो भाग महाग असतो, तो गेला. आता तू कुणाला धडकलास आणि त्याचा पाय मोडला, तर तो बसने जाऊ शकेल?"

"नाही."

"म्हणून थर्ड पार्टी ठेवायची. ती तशीही कायद्याने लागतेच. राहिला मागे बसणारा. ह्या स्वस्तातल्या पॉलिसीत तो येत नाही, त्याचे वेगळे भरावे लागतात. थोडेच असतात."

"पण मागे कोणी बसत नाही अक्का."

"अय्यो! आई आहे?"

"आहे."

"देवळात जाते?"

"जाते."

"चालत?"

यजमानांनी टाचण्या काढल्या आणि पहिल्यांदा बोलले. "पोरगा वाढत्या अंगाचा आहे. दुमड जास्त लिही." ते माझ्या पँटविषयी बोलत होते, पण कमलक्कांनी लगेच मागच्या वहीत लिहिलं: मागे, आई.

शनिवारी मी वडिलांकडून पैसे आणून भरले, मगच कमलक्कांनी कागद लिहिला. सोमवारी साहेबांनी कागद पाहिले आणि फाइलमध्ये ठेवले. माझी नोकरी ज्या कागदावर सुरू झाली त्यावर कमलक्कांच्या बारीक अक्षरात वेळ होती: दुपारी ४ वाजून १० मिनिटं. ती वेळ त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावली होती. प्रत्येकाला लावत. कॉलेजची पोरं त्याची नक्कल करत, घड्याळाकडे बोट दाखवून शाळेत उत्तर द्यावं तशी वेळ म्हणत. कमलक्का हसत नसत आणि रागावतही नसत. म्हणत, "साकु, पुरे. आता सही कर."

त्या कुणालाही सूट देत नसत. दुसरे एजंट कमिशनातलं थोडं परत करत. कमलक्कांकडे कोणी तसं मागितलं तर त्या बटणांचा डबा पुढे सरकवून म्हणत, "दोन बटणं घेऊन जा. शर्टाला लावून देतील." काही जण चिडून जात. बरेचसे परत येत, कारण विमा संपण्याच्या पंधरा दिवस आधी कमलक्कांचं पोस्टकार्ड येई. मराठी घरातल्या पोरांना त्या मराठीत लिहीत. "चि. अमुक यास आशीर्वाद. तुझ्या गाडीचा कागद येत्या बुधवारी संपतो. मागे बसणाऱ्यांत वाढ झाली असल्यास कळवणे." माझं लग्न ठरल्याचं अर्ध्या पेठेला त्या पोस्टकार्डाच्या उत्तरातून कळलं. मी शाळेत मराठी शिकलो नाही. देवनागरी हिंदीमुळे येत होती, पण मराठी पत्र कसं लिहितात ते मी त्या कार्डांवरून शिकलो.

स्वतः त्या मोपेड चालवत. इतकी सावकाश की सायकलवाले पुढे जात. मागून हॉर्न वाजले तर त्या डावा हात वर करून 'जा, जा' अशी खूण करत, पण वेग वाढवत नसत.

आता त्या दिवसाचं सांगतो. तेव्हा मी तिथे होतो आणि माझं वागणं फारसं चांगलं नव्हतं.

माझ्या विम्याचं दुसरं की तिसरं वर्ष होतं. मी कागद वाढवायला गेलो होतो. कमलक्कांनी कव्हर नोट लिहिली, मी नेहमीप्रमाणे वेळ वाचली, "अकरा वाजून चाळीस मिनिटं." नोट फाडून त्यांनी माझ्या हातात दिली. यजमान काजं करत होते. मी गप्पा मारत अर्धा तास बसलो असेन, तेवढ्यात कमलक्कांचे थोरले भाऊ दुकानात आले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. बाजारात त्यांचं तयार कपड्यांचं दुकान होतं. त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"कमळे, पुस्तक काढ," ते म्हणाले. "सुरेशच्या गाडीचा कागद लिही. साडेदहाची वेळ घाल."

सुरेश म्हणजे त्यांचा मुलगा, कमलक्कांचा भाचा. वीस वर्षांचा. अकराच्या सुमाराला त्याने नंजनगुड रस्त्यावर एका शहाळी विकणाऱ्याच्या सायकलीला धडक दिली होती. सुरेशला खरचटलं होतं. त्या माणसाचा पाय दोन ठिकाणी मोडला होता. गाडी अण्णांच्या नावावर होती आणि तिचा विमा नऊ दिवसांपूर्वी संपला होता.

"मी कार्ड पाठवलं होतं," कमलक्का म्हणाल्या. "मग घरी आले होते. दोनदा. सुरेश म्हणाला, उद्या येतो आत्या."

"पोरगं आहे ते! तू लिहून टाकायचंस ना. आत्या एजंट आणि भाच्याचा कागद संपलेला, लोक काय म्हणतील?"

"पैसे भरल्याशिवाय लिहिता येत नाही अण्णा. तुला माहीत आहे."

"आता भरतो." त्यांनी पैसे टेबलावर ठेवले. "साडेदहा लिही. कुणाच्या खिशातून जातंय? कंपनीच्या. आणि मिळणार कुणाला? त्या शहाळीवाल्याला. तो गरीब आहे कमळे. तू वेळ बदललीस तर त्याचंच भलं होईल. नाही बदललीस तर त्याला मी कुठून देऊ?"

हे खरं होतं. मला ते त्या क्षणी अगदी खरं वाटलं. यजमानांची सुई थांबली.

मग कमलक्कांनी पुस्तक अण्णांकडे फिरवलं. "नोटांना नंबर असतात. ह्याच्या आधीची नोट ह्या पोराची आहे. तिच्यावर अकरा चाळीस आहे. तिच्या पुढच्या नंबरावर साडेदहा कसं येईल?"

अण्णा माझ्याकडे वळले. मला ते नीट ओळखतही नव्हते. "बाळ, तुझी नोट परत दे. ती खराब झाली म्हणून रद्द करू. तुला नवी मिळेल. सुरेशची आधी, तुझी नंतर. आणि कुणी विचारलं तर सांग, सुरेशचे वडील सकाळी इथे बसले होते. तुझं काय जातंय?"

माझं काहीच जात नव्हतं. समोर वडिलांच्या वयाचा माणूस हात जोडायच्या बेतात उभा होता. मोठ्यांना नाही म्हणायला मला कोणी शिकवलं नव्हतं. मी मान हलवली. होकाराची. खिशातून नोट काढलीसुद्धा.

कमलक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "ठेव ती आत," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मान फार सैल आहे तुझी."

मग त्या भावाला म्हणाल्या, "अण्णा, ह्या वहीत तीनशेच्या वर पोरं आहेत. उद्या त्यातला कुणी खरंच लिहून घेऊन बाहेर पडला आणि कोपऱ्यावर धडकला, तर कंपनी माझी वेळ मानेल म्हणून त्याला धीर आहे. आज मी एक वेळ खोटी लिहिली तर त्या तीनशेंच्या वेळा खोट्या होतात."

"तीनशे परके. आणि सुरेश?"

कमलक्कांनी घड्याळाकडे पाहिलं आणि लिहायला घेतलं. अण्णा खाली वाकून बघत होते. मला वाटलं, ह्या भावाचं ऐकणार. त्यांनी लिहिलं: दुपारी १२ वाजून २५ मिनिटं. नोट फाडली आणि पुढे केली. "वाच," म्हणायची त्यांना सवय होती, पण तेवढं त्या म्हणाल्या नाहीत.

"ह्याचा काय उपयोग?" अण्णा म्हणाले.

"आत्तापासूनचा उपयोग. गाडी ठाण्यातून सुटल्यावर तो परत चालवणारच आहे."

अण्णांनी नोट तशीच टेबलावर सोडली. दारात जाऊन ते वळले. "ह्यापुढे तुला भाऊ नाही. गौरीच्या सणाला माझ्या घरून वाण घेऊन कोणी येणार नाही. तू पण येऊ नकोस." आणि गेले.

मग यजमान म्हणाले, "कॉफी सांगू?" कमलक्का म्हणाल्या, "बेडा." नको. त्यांनी ती नोट पाकिटात घातली, वर भावाचा पत्ता लिहिला आणि मला म्हणाल्या, "पोस्टात रजिस्टर करून ये. त्याने परत पाठवली तरी चालेल, पण गेली पाहिजे." मी धावत गेलो. त्या दिवशी तेवढंच एक काम मी नीट केलं.

पुढच्या शनिवारी दुकानासमोर मोपेड नव्हती. मी विचारलं तर यजमानांनी सांगितलं, विकली. पैसे आधी भावाकडे पाठवले होते, त्यांनी परत केले. मग कमलक्का स्वतः हॉस्पिटलात जाऊन शहाळीवाल्याच्या बायकोच्या हातात देऊन आल्या. खोटी वेळ लिहिली असती तर त्याला मिळालं असतं, हे त्या विसरल्या नव्हत्या. मोपेडच्या पैशांनी पुरं पडण्यासारखं नव्हतं, आणि भरपाईची केस पुढे कित्येक वर्षं चालली. शेवटी भरपाई अण्णांना भरावी लागली, असं ऐकलं. तो माणूस बरा झाला, पण लंगडत चालू लागला. कमलक्का त्याच्याकडूनच शहाळी घेत. एळनीर, म्हणजे शहाळ्याचं पाणी, त्यांना आवडत नसे, यजमानांना देत.

मोपेड गेल्यावर त्या सगळीकडे चालत किंवा बसने जाऊ लागल्या. ओळखीची पोरं वाटेत थांबून म्हणत, "या अक्का, सोडतो." त्यावर त्या आधी कागद मागत. मीसुद्धा एकदा अग्रहाराच्या चौकापाशी गाडी थांबवली.

"दाखव," त्या म्हणाल्या.

"अक्का, तुम्हीच लिहिलाय ना!"

"मी लिहिलेला तुझ्याजवळ आहे की घरी, ते बघायचंय."

घरी होता. त्या बसथांब्याकडे चालू लागल्या. मी गाडी ढकलत त्यांच्याबरोबर गेलो आणि बस येईपर्यंत उभा राहिलो. तेव्हापासून माझा कागद माझ्या खिशात असतो.

त्या थांब्यावर मी त्यांना विचारलं होतं, अण्णांकडून काही निरोप? त्या म्हणाल्या, "नाही." थोड्या वेळाने म्हणाल्या, "सुरेशला दरवर्षी कार्ड टाकते." उत्तर येतं का, हे विचारायचं मला सुचलं नाही, किंवा धीर झाला नाही.

मग माझी बदली झाली. बढती, दुसरी गावं, दोन मुलं. विम्याचं काम कॉम्प्युटरवर गेलं, कव्हर नोटांची पुस्तकं बंद झाली. आता वेळ यंत्रच छापतं. यजमान वारल्याचं मला उशिरा कळलं. मी पत्र लिहिलं, चार ओळींचं. कमलक्कांच्या कार्डासारखंच झालं ते.

त्यांना शेवटचं पाहिलं ते म्हैसूरलाच. आईला भेटायला कृष्णराजनगरला आलो होतो, तिथून लेकीला बाजार दाखवायला म्हैसूरला आणलं होतं. सिग्नल लागला म्हणून थांबलो. शेजारी एक मोटारसायकल येऊन उभी राहिली. चालवणारा चाळिशीकडे झुकलेला, पोट सुटलेला. मागे एका बाजूला पाय करून कमलक्का बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे. गळ्यात टेप होती, काढायची विसरली असावी. मांडीवर ती लांबोडकी वही. चालवणाऱ्याकडे परत पाहिलं आणि हनुवटीवरून ओळखलं. अण्णांची हनुवटी. तो सुरेश होता.

"अक्का!" मी ओरडलो.

त्यांनी डोळे बारीक केले. आधी माझ्या गाडीच्या मागच्या सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लेक?"

"लेक."

"बरं."

कधी जमलं, कोण आधी गेलं, कोणत्या वर्षी कार्डाला उत्तर आलं, हे विचारायला सिग्नलवर वेळ नसतो. माझ्या तोंडून भलतंच निघालं. "अक्का, कागद बघितलात का ह्याचा?"

सुरेश मोठ्याने हसला. "ही? ही रोज बघते!"

कमलक्का हसल्या नाहीत. त्यांनी हात पुढे करून भाच्याच्या शर्टाच्या खिशावर दोनदा थोपटलं. आत कागद वाजला. "वेळेसकट," त्या म्हणाल्या.

हिरवा दिवा लागला. सुरेशने गाडी सोडली, इतकी सावकाश की एक सायकलवाला त्यांच्या पुढे गेला. मागून हॉर्न वाजू लागले. कमलक्कांनी मागे न बघता डावा हात वर केला आणि खूण केली, जा, जा.